गावाचे आरोग्य आणि रुग्णालयात न आलेल्यांचा हिशेब

बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयात छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोदकडचे रुग्ण येतात. त्यांच्या केसपेपरांवरून कोणत्या आजाराचे किती रुग्ण आले हे कळते. पण त्या गावांत तो आजार किती जणांना आहे, हे कळत नाही, कारण जे आलेच नाहीत किंवा घरीच दगावले, त्यांची तेथे नोंद नसते. अंश हाती असतो, छेद नसतो. हा छेद मिळवण्यासाठी ठरावीक गावांतील प्रत्येक घर नोंदवून, दर काही महिन्यांनी पुन्हा तेथे जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपावे लागते. बांगलादेशातील मतलब येथे हे काम १९६६पासून चालू आहे.

ऐकायला सोपे वाटणारे हे काम पहिल्याच प्रश्नाशी अडते: गावातला माणूस कोणाला म्हणायचे? पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. बडोद्यातील मराठी घरातली सून पुण्याला बाळंत झाली, तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानुसार जन्म घडला तेथे, म्हणजे पुण्यातच नोंदला जातो. खेड्यातही असेच घडते आणि नेमका नियम नसेल, तर एकच बाळ दोन्ही गावांत मोजले जाते किंवा, अधिक वाईट म्हणजे, जन्मून लगेच गेलेले बाळ कुठेच मोजले जात नाही. दाहोदकडची कुटुंबे बांधकामाच्या हंगामात शहरात येतात, तेव्हाही हीच अडचण उभी राहते. म्हणून किती महिने राहिल्यास रहिवासी धरायचे, हे आधीच ठरवावे लागते. माझ्या मते या संशोधनाचा कस प्रयोगशाळेपेक्षा येथेच लागतो.

मोजणीचे मोल गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३पासून ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू नोंदवले, तुलनेसाठी ४७ गावे ठेवली आणि घरोघर उपचार सुरू करण्यापूर्वी दोन वर्षे परिस्थितीच तपासली. हजार जिवंत जन्मांमागे ६२च्या आसपास असलेला मृत्युदर १९९७-९८मध्ये २५वर आला. गावातल्याच स्त्रियांना जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्याचे शिक्षण दिले होते. तुलनेची गावे नसती, तर ही घट काळाबरोबर आपोआप झाली असे म्हणायला जागा राहिली असती.

काही उत्तरे मात्र एका पिढीत मिळत नाहीत. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून स्त्रियांच्या आहाराची नोंद ठेवली. त्यांची बाळे वजनाने इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच लहान, पण त्या मानाने अंगात चरबी राखलेली निघाली. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्वच) जास्त आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी प्रवृत्ती अधिक आढळली. पुढे याच मुलांना किशोरवयात ब-१२ देण्याची चाचणी सुरू झाली. तिचा परिणाम त्यांच्या स्वतःच्या अपत्यांत तपासायचा होता, आणि त्यासाठी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींनाही शोधत जाणे भाग होते.