‘करावे’खाली एक रेघ की दोन?

मराठीतून इंग्रजी भाषांतराचं काम देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारं काम साधारण तीन प्रकारचं असतं. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांची मशीनची मॅन्युअलं आणि एसओपी (काम कसं करायचं ते सांगणारे कागद), घरांचे-दुकानांचे करार, आणि परदेशी जाणाऱ्यांचे दाखले. दाखल्यांचा त्रास नाही, कागदावर जे आहे तेच इंग्रजीत उतरतं. बाकीच्या दोन्हींत मात्र काम हातात घेतलं की तासाभरात आम्हाला तुम्हाला फोन करावा लागतो. तुम्ही साइटवर असता, फोन उचलला जात नाही, आणि दोन दिवसांनी ‘अजून झालं नाही का?’ हे आम्हालाच ऐकावं लागतं. त्या फोनचं कारण बहुतेक वेळा एकच. मजकुरात ‘करावे’ असतं, आणि तो हुकूम आहे की सल्ला, हे कागदावरून कळत नाही.

एक नेहमीचं वाक्य घ्या: ‘एअर कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे.’ मराठी म्हणून वाक्यात खोट नाही. तुमच्या शेडमध्ये ते लावलं तरी अडत नाही, कारण फोरमन शेजारी उभा असतो आणि त्याच्या आवाजावरून पोराला कळतं की हे टाळायचं नाही. इंग्रजी पान मात्र जर्मनीतल्या किंवा केनियातल्या गिऱ्हाइकाकडे एकटंच जातं. तिथे ‘मस्ट बी ड्रेन्ड’ लिहिलं तर पाणी न काढणारा माणूस सूचना मोडतो. ‘शुड बी ड्रेन्ड’ लिहिलं तर काढलेलं बरं, एखाद दिवस राहिलं तरी चालेल. ‘मे बी ड्रेन्ड’ लिहिलं तर त्याची मर्जी.

आता मालकाला विचारलं तर तो सांगतो, ‘अहो, काढलंच पाहिजे!’ आणि ते खरंच आहे. दाबलेल्या हवेतला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी साठतो, पत्रा आतून गंजत जातो, आणि दाबाखालची टाकी फुटली तर माणूस जायबंदी होतो. पण त्याच पानावर पुढची ओळ असते: ‘मशीन कोरड्या फडक्याने पुसावे.’ तिच्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘पुसलं तर बरं दिसतं.’ दोन्ही ओळींना शेपूट तेच. फरक मालकाच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. आम्ही अंदाजाने ‘शुड’ टाकलं आणि वर्षभराने गंजलेल्या टाकीचा वॉरंटी दावा आला, तर समोरचा तुमचंच पुस्तक उघडून दाखवेल: तुम्ही शिफारस केली होती, सक्ती नव्हे.

म्हणून एवढीच विनंती. मजकूर देण्याआधी तांबड्या पेनने प्रत्येक ‘करावे, द्यावे, ठेवावे’खाली खूण करा. सक्ती असेल तर दोन रेघा, शिफारस असेल तर एक. नुसती मुभा असेल तर शब्दाभोवती गोल. ‘असं होऊ शकतं’ अशी शक्यता सांगायची असेल तर शेजारी प्रश्नचिन्ह. ठरत नसेल तर स्वतःला विचारा, हे नाही केलं तर काय होईल? कुणाला इजा, माल परत, वॉरंटी रद्द, नोटीस यांपैकी काही असेल तर दोन रेघा. ‘काही नाही, पण केलेलं बरं’ असं उत्तर आलं तर एक.

यावर काही जण म्हणतात, ‘सगळीकडे मस्टच टाका, झंझट नको.’ तसं करू नका. तुमच्या ऑफिसात आयएसओ 9001 चं, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, सर्टिफिकेट टांगलेलं असेल, तर त्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच हे शब्द वाटून दिलेले आहेत. ‘शॅल’ म्हणजे आवश्यकता (आपल्या ‘मस्ट’सारखी सक्तीच), ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. ऑडिटर हेच चार शब्द घेऊन तुमची एसओपी वाचतो. ‘मशीन शॅल बी वाइप्ड डेली’ असं तुम्ही स्वतःच लिहून दिलंत, तर रोज पुसल्याची नोंद कुठे आहे, हे तो विचारणारच. नोंद नसली की एनसी, म्हणजे नियम पाळला नाही असा ऑडिटरचा शेरा. फडक्यावरून एनसी ओढवून घेण्यात काय हशील? दोन रेघा जपून मारा.

करारांत याची किंमत आणखी वाढते. ‘वाद निर्माण झाल्यास लवादाकडे जाता येईल’ हे वाक्य आमच्याकडे सतत येतं. देणाऱ्याच्या मनात असतं की कोर्टाची पायरी चढायची नाही, लवादच. पण ‘जाता येईल’चं सरळ इंग्रजी ‘मे’. वेलिंग्टन असोसिएट्स विरुद्ध किरीट मेहता हा सर्वोच्च न्यायालयातला 2000 सालचा निकाल वकील मंडळींना ठाऊक असतो. तिथे कलमात वाद लवादाकडे ‘मे बी रेफर्ड’ असं होतं. एका बाजूने लवाद नेमून मागितला, दुसरीने विरोध केला. न्यायालयाने सांगितलं की इथे ‘मे’ म्हणजे ‘शॅल’ नव्हे. दोघांनी नव्याने संमती दिली तर लवाद, एरवी सक्ती नाही. मागणी फेटाळली गेली. तेव्हा लवादच हवा असेल तर मराठीतच ‘लवादाकडे सोपवणे बंधनकारक राहील’ असं लिहा, म्हणजे आम्हालाही विचारावं लागणार नाही.

उलटंही घडलेलं आहे. घटनेच्या कलम 320 मध्ये शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दल ‘शॅल’ आहे, तरी 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद बंधनकारक मानली नाही. म्हणजे शब्द अचूक बसला की पुढचं सगळं मिटलं, असा आमचा दावा नाही. करार वकिलाकडून तपासून घ्या. आम्ही भाषांतर करतो, सल्ला देत नाही.

करारातल्या भविष्यकाळाबद्दल थोडं. ‘भाडेकरू वीजबिल भरेल’ यात भाकीत नाही, जबाबदारी आहे. घटनेच्या मराठी पाठातही राज्य समानता ‘नाकारणार नाही’ असं येतं, आणि इंग्रजीत तिथे ‘शॅल नॉट’ आहे. हे आम्हाला कळतं. अशा ओळींवर खूण नसली तरी चालेल.

‘शकतो’वर मात्र खूण हवी. ‘टाकी 500 लिटर पाणी धरू शकते’ ही क्षमता, तिथे ‘कॅन’. ‘परवानाधारक गच्ची वापरू शकतो’ ही परवानगी, तिथे ‘मे’. ‘सांध्यातून गळती होऊ शकते’ ही शक्यता, तिथे ‘मे’ किंवा ‘माइट’. पहिलं आणि तिसरं आम्ही संदर्भाने ओळखतो. घोटाळा दुसऱ्यात होतो. गच्ची वापरायची परवानगी तुम्ही देताय, की जिना आहे म्हणून वर जाता येतं एवढंच सांगताय? गोल केलात की प्रश्न मिटतो.

आता नकार, आणि इथे आम्ही जरा हट्टी आहोत. ‘फिल्टर धुवायला नको’ असं लिहून येतं. याचा अर्थ धुण्याची गरज नाही, की धुवायचाच नाही? पहिल्यासाठी ‘नीड नॉट’, दुसऱ्यासाठी ‘मस्ट नॉट’. फिल्टरमध्ये कागदी एलिमेंट असेल तर पाणी लागलं की ते बाद, म्हणजे इथे ‘मस्ट नॉट’च हवं. पण हे आम्हाला तुमचं मशीन माहीत असेल तरच कळणार. म्हणून ‘नको’ लिहू नका. ‘गरज नाही’ किंवा ‘धुऊ नये’ यांपैकी एक लिहा. तसंच ‘मे नॉट’ आम्ही मॅन्युअलमध्ये वापरतच नाही. ‘द मोटर मे नॉट स्टार्ट’ वाचून कुणाला वाटेल मोटर कदाचित सुरू होणार नाही, तर कुणाला वाटेल सुरू करायला मनाई आहे. तुमच्या कागदात आधीपासून असेल तरी आम्ही बदलतो, आणि ते विचारून बदलत नाही.

‘झडप बंद असली पाहिजे’ हे वाक्य तर वर्कशॉपच्या कागदांत हमखास सापडतं. मेंटेनन्सच्या रिपोर्टात असेल तर अर्थ असा की प्रेशर येत नाही, त्या अर्थी झडप बंद असणार. सूचनेत असेल तर ती बंद ठेवा. गंमत म्हणजे इंग्रजीतलं ‘द व्हॉल्व्ह मस्ट बी क्लोज्ड’ही तितकंच संदिग्ध आहे, वर ‘झडप बंद करा’ असा तिसरा अर्थही त्यातून निघतो. म्हणून सूचनेत आम्ही सरळ आज्ञार्थ घेतो: ‘कीप द व्हॉल्व्ह क्लोज्ड’. काही ग्राहकांना हे उद्धट वाटतं आणि ते प्रत्येक ओळीत ‘प्लीज’ घालून मागतात. मॅन्युअलमध्ये प्लीज नको. फिरत्या पुलीत हात जाण्याआधी माणसाला विनवणी करून चालत नाही.

‘मोबाइलवर टाकलं की दोन मिनिटांत होतं, तुम्ही एवढ्या शंका काय काढता?’ हाही नेहमीचा प्रश्न. मोबाइलवर होतं, नाकारत नाही. एखादं पत्र समजून घ्यायला आम्हीही तेच वापरतो. पण तो टाकी आणि फडकं यांत फरक करत नाही. ‘करावे’ दिसलं की जे जुळेल ते एक इंग्रजी रूप टाकतो आणि पुढे जातो, तुम्हाला विचारत नाही. तुम्ही पैसे देता ते त्या विचारण्याचे.

तयार काम हातात पडल्यावर घरातला कुणीतरी, बहुधा परदेशातला भाचा, सगळे ‘शॅल’ बदलून ‘विल’ किंवा ‘मस्ट’ करतो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. अमेरिकेत सरकारी मजकुरासाठी ‘शॅल’ऐवजी ‘मस्ट’ वापरा असाच सल्ला दिला जातो. म्हणून मॅन्युअलमध्ये आम्हीही ‘मस्ट’च घेतो. आपल्याकडच्या करारांत मात्र ‘शॅल’ रुळलेला आहे, रजिस्ट्रार ऑफिसपासून वकिलापर्यंत सगळे तोच वाचतात, तेव्हा तिथे तो ठेवतो. बदल हवेच असतील तर काम देतानाच सांगा, सगळीकडे एकसारखे करून देऊ. नंतर काही ‘शॅल’ आणि काही ‘विल’ असा मसुदा परत आला, तर प्रत्येक कलम पुन्हा वाचावं लागतं आणि त्याचं बिल वेगळं होतं. एकाच करारात दोन शब्द दिसले की वाचणारा त्यांचे दोन अर्थ शोधू लागतो, ही त्यातली खरी भीती.

खुणा करून आलेल्या मजकुराला आम्ही आधी हात घालतो, आणि त्यातल्या शंकांचं वेगळं शुल्क लावत नाही. खुणा नसलेला मजकूरही घेतो, पण तारीख तुमचा फोन लागल्यावरच देतो. मॅन्युअलसोबत मशीनचा एखादा फोटो जोडा, करारासोबत जुना करार असेल तर त्याची प्रत. टाइप केलेली फाइल असेल तर पाठवा, पण खुणा प्रिंटवर हाताने केलेल्या चालतील. व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो पाठवणार असाल तर पान सपाट ठेवून काढा, मधल्या घडीत नेमके ‘करावे’च अडकतात.