रवानगीचे इंग्रजी शब्द

माणसांना एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवण्यासाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांचा गट. मराठीत जिथे ‘हद्दपार करणे’ म्हणून भागते, तिथे इंग्रजीत पाच-सहा शब्द पुढे येतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाठवतो कोण, जाणाऱ्याची मर्जी आहे का, परतीची वाट उघडी आहे का, यांवर शब्द ठरतो.

‘डिपोर्ट’ म्हणजे परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढणे. ‘एक्स्ट्राडाइट’ म्हणजे दुसऱ्या देशाने मागितलेला आरोपी त्याच्या हवाली करणे, म्हणजेच प्रत्यार्पण. बातम्यांत या दोहोंची सर्रास गल्लत होते, ती टाळायला हवी: प्रत्यार्पणाला दुसऱ्या देशाची मागणी लागते, डिपोर्ट करायला लागत नाही. ‘रिपॅट्रिएट’ म्हणजे मायदेशी पोचवणे. ‘डिपोर्ट’च्या मुळाशी ‘वाहून नेणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. रोमन कायद्यात ‘देपोर्तातिओ’ या शिक्षेत नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही जात. ‘रेलेगातिओ’ त्याहून सौम्य होती. कवी ओव्हिडला सम्राट ऑगस्टसने इ.स. 8 मध्ये काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला धाडले, तेव्हा आपल्याला ही दुसरी, सौम्य शिक्षा झाली आहे, हे त्याने कवितेतून आवर्जून सांगितले. घर तर सुटलेच होते, पण नावातला फरक त्याला मोलाचा वाटला.

‘ट्रान्स्पोर्ट’ हा आज मालवाहतुकीचा शब्द असला, तरी ब्रिटिश कायद्यात ती शिक्षा होती. कैद्यांचा 11 जहाजांचा पहिला ताफा मे 1787 मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघाला. 1868 पर्यंत सुमारे 1,62,000 कैदी तिकडे नेले गेले. अठराव्या शतकात मुदतीआधी परतणाऱ्याला फाशीची तरतूद होती. अंदमानातली कैद्यांची वसाहत 1858 ची. मराठीने तिला ‘काळे पाणी’ म्हटले आणि या शब्दात जी दहशत आहे ती मूळ इंग्रजी शब्दात नाही.

काही शब्द संस्थांपुरते आहेत. विद्यार्थ्याला काही काळ विद्यापीठातून काढणे म्हणजे ‘रस्टिकेट’, शब्दशः गावाकडे धाडणे. कर्मचाऱ्याला तात्पुरते दुसऱ्या कचेरीत देणे म्हणजे ‘सेकंड’, पण ब्रिटिश उच्चारात आघात शेवटच्या अवयवावर, ‘सिकाँड’ असा.

सर्वांत जपून वाचावा असा शब्द ‘इव्हॅक्युएट’. मूळ अर्थ रिकामे करणे, म्हणून खरे तर जागा रिकामी होते, पण आता माणसांनाही हे क्रियापद लागते. 1 सप्टेंबर 1939 पासून बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधल्या शहरांतून तीन दिवसांत सुमारे 15 लाख लोक, त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुले, गावांकडे हलवले गेले. प्रत्येक मुलाच्या कोटावर नावाची चिठ्ठी आणि सोबत गॅस मास्कची पुठ्ठ्याची पेटी. इथे शब्द खरा आहे, कारण धोक्यातून बाहेर काढणे हाच हेतू होता.

1942 मध्ये अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत नेले, तेव्हाही सरकारी शब्द हाच होता. त्यांच्याही कोटावर चिठ्ठ्या होत्या, कुटुंबाचा क्रमांक लिहिलेल्या. जे हातात मावेल तेवढेच सामान घेता येई. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यांत कुटुंबे ठेवली गेली, त्या जागेचे नाव ‘असेंब्ली सेंटर’. छावण्या चालवणारे खाते ‘रिलोकेशन’चे, म्हणजे स्थलांतराचे. या लोकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते, पण भिंतींवर लावलेल्या हुकुमांत ‘नागरिक’ शब्द टाळून ‘नॉन-एलियन’, म्हणजे परके नसलेले, असे छापले होते. शब्दांची ही निवड त्या सक्तीचाच भाग होती. सरकारने 1988 मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले.

त्याच देशाच्या 1996 च्या कायद्याने ‘डिपोर्टेशन’ऐवजी ‘रिमूव्हल’ हा शब्द आणला. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘डिपोर्ट’च राहिला आहे.