फाऊकचा राक्षस आणि पिअर्सचा सिनेमा

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, टेक्सर्कानाजवळ फाऊक हे छोटंसं गाव आहे. जवळच सल्फर नदीचा पाणथळ, गच्च झाडीचा पट्टा. त्यात माणसासारखं दोन पायांवर चालणारं, अंगभर केस असलेलं काहीतरी फिरतं, असं शिकारी फार आधीपासून सांगत आले होते. पण ती गावातल्या गावात चालणारी कुजबुज होती.

मे १९७१ मध्ये गावाबाहेर नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाच्या घरावर रात्री हल्ला झाला. खिडकीतून केसाळ हात आत आला, घरच्यांनी गोळ्या झाडल्या, एकाला टेक्सर्कानाच्या इस्पितळात न्यावं लागलं. जखमा म्हणाल तर ओरखडेच; धसका मात्र मोठा. टेक्सर्कानाच्या वृत्तपत्रांनी बातमी छापली आणि 'फाऊक मॉन्स्टर' हे नाव रूढ झालं. पुढे सोयाबीनच्या शेतात तीन बोटांचे ठसे सापडले, बंदूकधारी हौश्यागवश्यांची रीघ लागली आणि लिटल रॉकच्या एका रेडिओ केंद्राने तर इनामही लावलं.

टेक्सर्कानात जाहिराती करणाऱ्या चार्ल्स बी. पिअर्सने यात सिनेमा पाहिला. ट्रकचे ट्रेलर बनवणाऱ्या स्थानिक उद्योजकाकडून त्याने पैसे उभे केले; खर्च सुमारे १,६०,००० डॉलर्स. नट आणण्याऐवजी गावकऱ्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. काहींनी स्वतःवर ओढवलेला प्रसंग स्वतःच करून दाखवला. 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक' १९७२ मध्ये आला आणि गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटरांतून त्याने कोट्यवधी डॉलर्स कमावले. गावात त्यावरून कुरबुरीही झाल्या: गोष्ट आमची, गल्ला दुसऱ्याचा.

खरं सांगायचं तर हल्ल्याचे प्रसंग आज हास्यास्पद वाटतात. सिनेमा तगतो तो दलदलीमुळे. एक पोरगा होडी वल्हवत झाडीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला भेटायला जातो. हा म्हातारा इतकी वर्षं तिथे राहूनही राक्षसबिक्षस मानत नाही! माहितीपटाचा थाट मांडून मध्येच अशी साक्ष ठेवायची, हे पिअर्सचं खरं कसब. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'च्या दिग्दर्शकांनीही या सिनेमाचं ऋण मानलं आहे. त्यांचा १९९९ चा सिनेमा जगभर गाजला, पिअर्सचा मात्र खराब प्रिंटांवरच फिरत राहिला. २०१० मध्ये पिअर्स गेला. २०१९ मध्ये त्याच्या मुलीने सिनेमाची स्वच्छ, नवी प्रत तयार करवून घेतली. फाऊकमध्ये आता 'मॉन्स्टर मार्ट' नावाचं दुकान आहे.