पार्सलापासून क्रेडिट बँकेपर्यंत : नाशिकच्या डिजिटल उच्चशिक्षणाची पार्श्वभूमी

पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाकडे कॉलेजच्या खिडकीवर हल्ली एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी मागतात. श्रेयांकांची ही बँक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांतून आली. मुलगा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या सुरगाण्याहून किंवा पेठहून आला असेल, तर तो आयडी बरेचदा नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेला असतो आणि पासवर्डही त्याच्याच वहीत असतो. ही वही कुठून आली, ते पाहायचं तर पस्तीसेक वर्षं मागं जावं लागतं.

नाशिकच्या उच्चशिक्षणात तंत्रज्ञान शिरलं ते टपालाच्या पार्सलातून. जुलै १९८९ मध्ये राज्याच्या कायद्यानं इथं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. (यशवंतरावांच्या नावाला नाशिक परकं नव्हतं, संरक्षणमंत्री असताना १९६३ मध्ये ते लोकसभेवर इथूनच बिनविरोध निवडून गेले होते.) पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे वर्ग, हजेरी, वार्षिक परीक्षा हा सगळा पारंपरिक संसार करून आलेले. विद्यापीठाचा पत्ता ‘ज्ञानगंगोत्री’, गंगापूर धरणाजवळ. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. धरण, गंगा, पाणी सोडणं ही प्रतिमा माझ्या मते नुसती शोभेची नाही. सगळी रचनाच तशी होती. स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तकं इथून निघायची, गावोगावच्या अभ्यासकेंद्रांत पोचायची आणि रविवारी किंवा सुट्टीला संपर्कसत्रं व्हायची. पुस्तकातच मध्ये थांबवून प्रश्न विचारलेले असत. शिक्षक समोर नसताना शिकवायचं हे खरं तर मोठं कसब होतं, आणि पुढं ऑनलाइन अभ्यासक्रम करणाऱ्यांना तेच नव्यानं शिकावं लागलं.

पण प्रवाह वरून खाली. उपग्रह आला तेव्हाही तो तसाच राहिला. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोनं एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी आधीच कक्षेत असलेला इन्सॅट-३ बी वापरला गेला, आणि त्यात कर्नाटक व मध्य प्रदेशातल्या एकेका तंत्रविद्यापीठासोबत नाशिकचं मुक्त विद्यापीठ होतं. पार्सलाच्या जागी डिश आली. समोर बसलेल्याला प्रश्न विचारायची सोय योजनेत होती. पण मुळात ते शिकवणं एका स्टुडिओतून अनेक खोल्यांत जाणारंच होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हसरूळला, १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरच्या वैद्यकीय परीक्षा इथून चालतात. म्हणजे दोन्ही विद्यापीठांपुढं प्रश्न एकच, लांबवर पोचायचं कसं. नाशिकचं हे वेगळेपण फारसं बोललं जात नाही. इथल्या नेहमीच्या कॉलेजांचं विद्यापीठ मात्र पुण्याला, त्यामुळं त्यांनी तंत्रज्ञान बहुतेक वेळा परिपत्रकातूनच पाहिलं.

कौशल्याचं काय? २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झालं आणि त्याचा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम, एमएस-सीआयटी, घरोघरी माहीत झाला. संगणकाची भीती या अभ्यासक्रमानं घालवली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण सरकारी नोकरीसाठी लागणारा कागद म्हणून तो करणारेही कमी नव्हते. फॉर्म भरायची वेळ आली की प्रमाणपत्र फायलीत आणि माणूस कॅफेत.

उलट दिशेचा एक प्रयोग २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं झाला. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधले, मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकारानं ‘कुंभथॉन’ भरलं. गर्दी, आरोग्य, वाहतूक असे प्रश्न मुलांनी स्वतः हेरायचे आणि त्यांवर काही बनवून पाहायचं. त्यातूनच पुढं टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पनांचं केंद्र नाशिकला उभं राहिलं.

संशोधनात मात्र अडचण लिपीपासूनच सुरू होते, आणि ती अजून मिटलेली नाही. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, आणि देवनागरी तिच्यात १९९१ पासूनच होती. पण डीटीपीच्या दुकानांत चालायचे ते वेगळेच फॉन्ट, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. मराठीतला पीएचडीचा प्रबंध म्हणजे हस्तलिखित ऑपरेटरकडे द्यायचं, प्रुफं तपासायची, बायंडिंग करून विद्यापीठात नेऊन ठेवायचं. संशोधकाचा कीबोर्डाला हात लागायचाच असं नाही. अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार भरू लागलं. इथंही गंगाच! त्यात असे जुन्या फॉन्टांतले प्रबंधही पीडीएफ होऊन गेले. डोळ्यांना ते स्वच्छ मराठी दिसतात. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा हाती येतो, कारण त्या फॉन्टनं ‘क’चं नुसतं चित्र दुसऱ्याच कुठल्यातरी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं.

त्याचा परिणाम २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनंतर ठळक झाला. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढं दंडाच्या पायऱ्या. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला तो चिवडा मराठी म्हणून वाचता येत नाही. त्यामुळं जुन्या प्रबंधातून उचललेला परिच्छेद निसटू शकतो. आणि प्रामाणिक अभ्यासकाचं नुकसान वेगळंच. निफाडच्या द्राक्षबागांवर कुणी असा प्रबंध लिहिला असेल, तर शीर्षकावरून तो मिळेल. पण आतल्या पानावरचं ‘छाटणी’ हे शब्दशोधात येणार नाही. त्यासाठी अख्खा प्रबंध पान पान उलटून वाचावा लागेल, सार्वजनिक वाचनालयात बसून वाचल्यासारखा.