यूहांगची वाटणी: हांगझोऊच्या पश्चिमेकडच्या श्रीमंत जिल्ह्यामागची गोष्ट

यूहांग म्हटलं की आता सगळे ई-कॉमर्स आणि एआय एवढंच बोलतात, पण आजचा जो जिल्हा आहे तो या नकाशासकट फक्त २०२१ पासूनचा. त्याआधीचा यूहांग बराच मोठा होता, चीनच्या पूर्व भागातल्या हांगझोऊ शहराला पश्चिम, उत्तर आणि ईशान्य अशा तिन्ही बाजूंनी वेढून बसलेला.

जुना इतिहास थोडक्यात. लिआंगचूचं पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर, त्याचे मातीचे बंधारे आणि जेडच्या वस्तू इथेच सापडल्या, २०१९ ला जागतिक वारसा यादीत नावही लागलं. पश्चिमेला तियानमूच्या बाजूचे डोंगर, जिंगशानचा चहा, मधून उत्तरेला ताईहू तलावाकडे जाणारी तियाओशी नदी, आणि पूर्वेला सपाट, कालव्यांची भातशेतीची जमीन. छिन काळापासून (इ.स.पू. तिसरं शतक) इथे यूहांग नावाचा तालुका होता.

आता मुद्द्याचं. २००१ मध्ये यूहांग हांगझोऊचा जिल्हा झाला, पण कागदावरच म्हणायचं, कारण पैसा आणि जमिनीचे बरेच अधिकार त्याने स्वतःकडेच ठेवले. कारभार चालायचा पूर्वेच्या लिनपिंगमधून. रेल्वे तिथे, कपड्यांचे आणि मशिनरीचे कारखानेही तिथेच. पश्चिमेला काय, तर शेतं, ओलसर जमीन आणि जुनं यूहांग गाव. मग २०११ च्या सुमारास पश्चिमेला सायन्स सिटीचा बेत आला, २०१३ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या ई-कॉमर्स कंपनीने, म्हणजे अलीबाबाने, मुख्यालय तिथे हलवलं, २०१५ ला त्सांगछिएन या पश्चिमेच्याच गावातल्या जुन्या धान्यकोठारांत स्टार्टअपवाले बसायला लागले, आणि सगळं गणितच फिरलं. २०१० ला सगळ्या जिल्ह्याची लोकसंख्या साधारण बारा लाख होती, २०२० ला चोवीस लाख, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट.

एप्रिल २०२१ मध्ये वरून निर्णय आला: जिल्ह्याचे दोन तुकडे, हद्द मुख्यतः ग्रँड कॅनॉल हा जुना कालवा. पश्चिमेला साधारण ९४२ चौरस किलोमीटर, पूर्वेला २८६. लोकसंख्या मात्र जवळजवळ सारखीच, बारा-बारा लाखांच्या आसपास. पूर्वेचा तुकडा झाला लिनपिंग जिल्हा, आणि 'यूहांग' हे नाव गेलं पश्चिमेकडे!

या निर्णयाची बाजू मांडणारे म्हणतात की मूळ यूहांग गाव पश्चिमेलाच आहे, लिआंगचू पण तिकडेच, मग नाव तिकडे जाणारच. मुद्दा चुकीचा नाही. पण कित्येक दशकं कारभार सांभाळला लिनपिंगने, हायस्पीड रेल्वेच्या ज्या स्टेशनला यूहांग म्हणायचे ते पण लिनपिंगमध्ये, आणि त्याचंही नाव नंतर लिनपिंग दक्षिण करून टाकलं. भावाभावांच्या वाटणीत एकाला आडनाव आणि भरलेली तिजोरी, दुसऱ्याला चालू कारखाने आणि तिथली जुनी ऑफिसं, असा प्रकार. कारण सांगितलं गेलं की एवढा मोठा जिल्हा चालवणं अवघड, दोन टोकं एकमेकांपासून बरीच लांब आणि त्यात मधे शहराचे दुसरे भाग घुसलेले. हे खरंच आहे. पण माझ्या मते खरा हिशोब पैशाचा आणि ताब्याचा होता, अर्धवट स्वायत्त जिल्हा तोडला की शहराला आवरायला सोपा जातो. त्याच महिन्यात त्या ई-कॉमर्स कंपनीला १८ अब्ज युआनच्या वर दंड झाला, तो विषय वेगळा, पण यूहांग एकाच उद्योगाच्या किती जिवावर आहे ते त्यातून दिसलं.

फूट पडल्यावर यूहांगच्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा डिजिटल धंद्यांचा निघाला आणि लिनपिंगचं एकूण उत्पादन त्याच्या निम्म्याच्याही खाली. लिनपिंगवाल्यांना 'उद्योगाचा कणा' वगैरे म्हणतात, पण नवीन गुंतवणूक कुठे जाते ते बघा: २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊ पश्चिम हे नवं मोठं स्टेशन सुरू झालं, तेही त्सांगछिएनला. कालव्याकाठचं थांगछी हे जुनं बाजारगाव मात्र वाटणीत लिनपिंगकडे गेलं, निदान पर्यटक तरी तिकडे जातात.