कस्तुरबा नगरची पार्श्वभूमी

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव या गुंडाला सुनावणीसाठी आणले असता कस्तुरबा नगर वस्तीतल्या बायकांचा मोठा जमाव थेट न्यायदालनात शिरला. त्याच्या आणि सोबतच्या पोलिसांच्या डोळ्यांत तिखट फेकले गेले, भाजी चिरायच्या सुऱ्या बाहेर निघाल्या आणि काही मिनिटांतच तो तिथेच, फरशीवर मेला. त्याच्या अंगावर सत्तरहून अधिक वार होते.

या घटनेचे मूळ त्याआधीच्या दहाएक वर्षांत आहे. बहुसंख्य दलित असलेल्या या वस्तीत यादवची टोळी खंडणी उकळत असे, घरांत घुसत असे आणि विरोध मोडून काढण्यासाठी बलात्काराचा हत्यारासारखा वापर करत असे. तक्रार करायला गेलेल्या बाईचे नाव चौकीतूनच त्याच्यापर्यंत पोहोचते, असे रहिवासी सांगत. अनेकदा अटक होऊनही तो सुटून परत येई, त्यामुळे पुढची तक्रार करायला कोणी धजावत नसे. ऑगस्ट २००४ च्या पहिल्या आठवड्यात लोकांनी त्याचे घर पाडले आणि तो पोलिसांच्या ताब्यात गेला. पण या वेळीही जामीन होणार, ही बातमी वस्तीत पसरली.

कायद्याच्या दृष्टीने हा स्वसंरक्षणाचा प्रकार ठरत नाही, हे स्पष्टपणे मांडले पाहिजे. भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये (आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये) स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क दिलेला असला, तरी जिथे सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्याइतका अवधी आहे, तिथे तो हक्क मिळत नाही. कोठडीतला निःशस्त्र आरोपी मारणे या चौकटीत कुठेच बसत नाही. मात्र दाद मागायला अवधी असणे आणि दाद लागणे यांत केवढे अंतर असते, ते या बायकांनी वर्षानुवर्षे भोगले होते, आणि माझ्या मते शहराची सहानुभूती त्यांच्याकडे वळली ती याच कारणाने.

सुरुवातीला पाच बायकांना अटक झाली, तेव्हा वस्तीतल्या इतर बायकांनी आम्हा सगळ्यांनाच पकडा अशी मागणी केली. नागपुरातल्या अनेक वकिलांनी या बायकांना आरोपी न मानता पीडित मानावे असे म्हटले. एका निवृत्त न्यायाधीशांनीही जाहीरपणे त्यांची बाजू घेतली. ज्यांच्यासमोर रोज कायद्याचे राज्य चालते, त्यांनीच असे बोलावे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, कारण त्यातून न्यायालयाबाहेरच्या माणसाचा विश्वास किती खचला असेल याची कल्पना येते.

खटला दहा वर्षे रेंगाळला. नोव्हेंबर २०१४ मध्ये उरलेल्या आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष सुटका झाली. भर न्यायालयात झालेल्या या खुनात सुरी कोणाच्या हातात होती, हे सिद्ध झाले नाही.