इन्सर्ट की झिरो क्लिअरन्स? आधी भिंत ओळखा

फायरप्लेसच्या, म्हणजे भिंतीतल्या शेकोटीच्या, दुकानात या दोन्ही पेट्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. काळी लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, आत लाकडं, खाली पंख्याचं बटण. एक फायरप्लेस इन्सर्ट, दुसरी झिरो क्लिअरन्स फायरप्लेस. अमेरिका-कॅनडात घर घेतलेली आपली मंडळी दोन्हींना सरसकट ‘इन्सर्ट’ म्हणून मोकळी होतात. बोलण्यापुरतं ते चालतं. बसवताना मात्र एकाच्या जागी दुसरं गेलं, तर भिंतीतलं लाकूड पेटू शकतं, आणि तेही पहिल्याच दिवशी पेटेल असं नाही. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतल्या आत कोळसत जातं आणि ताज्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेतं. म्हणून ‘दोन हिवाळे काही झालं नाही’ या बोलण्यावर विसंबू नये.

इन्सर्ट हा विटांच्या किंवा दगडी फायरप्लेसच्या पोटात सरकवायचा. उघडी फायरप्लेस दिसते झकास, पण लाकडातली जेमतेम 10 टक्के उष्णता खोलीला मिळते. बाकीची चिमणीवाटे जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. तिथे प्रमाणित इन्सर्ट बसवला की हेच प्रमाण 60 ते 75 टक्क्यांवर जातं. मात्र आपल्याभोवती विटांचं जाड कवच आहे असं गृहीत धरूनच इन्सर्ट बनवलेला असतो. ते कवच नसेल तर त्याचा बाहेरचा पत्रा थेट लाकडी चौकटीला भाजेल.

झिरो क्लिअरन्स फायरप्लेस नेमकी विटा नसलेल्या घरांसाठी आहे. अमेरिका-कॅनडातली बहुतेक घरं लाकडी चौकटीची, वर जिप्समचे तक्ते. या पेटीला दोन-तीन पत्र्यांच्या भिंती असतात आणि मधून हवा खेळते किंवा इन्सुलेशन भरलेलं असतं, साधारण थर्माससारखं. त्यामुळे चौकट पेटीच्या अगदी जवळ उभी करता येते. तरीही पेटीच्या पाठीला आणि बाजूंना पत्र्याचे छोटे कान असतात, लाकूड तिथपर्यंतच. कानांमागची पोकळी मोकळी ठेवायची असते. थंडी वाजते म्हणून तिथे काचलोकर कोंबणारे कारागीर आहेत, त्यांच्यावर नजर ठेवा. आणि हिची चिमणी पेटीच्याच कंपनीने नेमून दिलेली हवी. पेटी आणि पाइप एकत्र तपासून पास केलेले असतात, त्यामुळे एका कंपनीची पेटी आणि दुसरीचा पाइप ही काटकसर अंगाशी येते.

मग आपल्या घरात आहे काय? समोरच्या विटांवर जाऊ नका, त्या कित्येकदा नुसत्या चिकटवलेल्या असतात. आधी बाहेर जाऊन छपराकडे बघा. जमिनीपासून वर गेलेली विटांची चिमणी दिसली तर बहुधा खरं बांधकाम. भिंतीसारख्याच फळ्यांनी किंवा व्हिनाइलने मढवलेला चौकोनी खोका आणि वर पत्र्याची टोपी असेल, तर आत फॅक्टरीची पेटी आहे असं समजा. मग आत येऊन फायरप्लेसमध्ये डोकं घाला आणि टॉर्च वर मारा. भाजलेल्या मातीच्या चौकोनी नळ्या दिसतात की चकचकीत गोल पाइप? नळ्या बहुधा खऱ्या बांधकामाच्या, पाइप फॅक्टरीच्या पेटीचा. आतल्या भिंतीवर टिचकी मारा. विटांची नक्षी कोरलेले सिमेंटचे तक्ते स्क्रूने बसवलेले असतील, तर ते बांधकाम नव्हे. तोंडाच्या आतल्या कडेला, बहुधा जाळीच्या पडद्यामागे, पत्र्याची छोटी पाटी असते. तिच्यावर मॉडेल आणि कसोटीचा क्रमांक असतो. यूएल (अमेरिकेतली सुरक्षा-कसोट्या घेणारी संस्था) 127 असेल तर ती कारखान्यातली फायरप्लेस. यूएल 1482 हा इन्सर्टचा आणि लाकूड जाळणाऱ्या स्टोव्हचा. या पाटीचा फोटो काढून ठेवा. विमा कंपनी, नगरपालिका आणि चिमणीवाला तिघेही तोच मागतील.

फायरप्लेस खरोखर विटांची निघाली तर प्रश्न उरतो लायनरचा, म्हणजे चिमणीच्या आतून सोडायच्या पाइपचा, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकूड जाळण्याची लाट आली. तेव्हा लोकांनी इन्सर्ट नुसते फायरप्लेसमध्ये ढकलले, वर पाइप जोडलाच नाही. धूर निघून मोठ्या थंड चिमणीत रेंगाळायचा, गार व्हायचा आणि भिंतींवर डांबरासारखा क्रिओसोट साचायचा. तो पेटला की चिमणीत 1000 अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता जाऊ शकते. जुनं घर घेतलं असेल तर असा बिनपाइपचा इन्सर्ट अजूनही सापडतो.

हिशेब सोपा आहे. इन्सर्टचं तोंड बहुधा 6 इंची गोल, म्हणजे सुमारे 28 चौरस इंच. जुनी चिमणी 12 बाय 12 इंचांची असेल तर 144 चौरस इंच, पाचपट. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या 211 क्रमांकाच्या मानकानुसार चिमणी घराच्या आत असेल तर तिपटीहून जास्त चालत नाही, एखादी भिंत उघड्यावर असेल तर दुपटीहून. म्हणून इन्सर्टच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत अखंड स्टेनलेस स्टीलचा लायनर सोडायचा. लायनर वरून सोडतात. खाली डँपरच्या, म्हणजे चिमणी उघडबंद करणाऱ्या झडपेच्या, अरुंद फटीत तो अडतो. मग डँपरची चौकट कापावी लागते किंवा लायनरचा तेवढा भाग लंबगोल करून घ्यावा लागतो. उरलेली फट पत्रा आणि दगडी लोकरीने बंद करायची, नाहीतर बरीच उष्णता वर पळते. चिमणीच्या विटांना घराच्या तुळया टेकलेल्या असतील, आणि जुन्या घरांत त्या बहुधा टेकलेल्या असतात, तर लायनरवर इन्सुलेशनचं वेष्टन हवंच.

दोन वस्तूंची सरमिसळ होते ती तिसऱ्या प्रकारात. घरात आधीच झिरो क्लिअरन्स पेटी आहे आणि तिच्यात इन्सर्ट बसवायचा आहे. बरेच विक्रेते ‘बसतो की’ म्हणतात. मापाने बसेलही. पण फायरप्लेसच्या आणि इन्सर्टच्या, दोन्हींच्या पुस्तिकेत परवानगी छापलेली असेल तरच हे करायचं. पेटीचा तळ किंवा हवेच्या जाळ्या कापल्या, झाकल्या, तर तिची थंड राहायची सोयच जाते. परवानगी नसेल तर जुनी पेटी पाइपसकट काढून नवी बसवणं हाच मार्ग. खर्च बराच जास्त, पण याला पर्याय मला दिसत नाही.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. फोडणीच्या वासासाठी आपण दणदणीत एक्झॉस्ट बसवतो. घट्ट बंद घरात तो हवा ओढू लागला की ती चिमणीतून उलटी खाली येते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. मिनिटाला 400 घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणारा एक्झॉस्ट असेल, तर अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत बाहेरून हवा आत घेण्याची सोय बहुधा लागतेच. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो म्हणून सेल काढून ठेवणाऱ्यांनी निदान कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मला हात लावू नये. दोन्ही वेगळे असतात.

इंग्लंडमध्ये घर असेल तर हा घोळ बराच कमी, कारण जुनी घरं विटांचीच. तिथे त्याला इनसेट स्टोव्ह म्हणतात. घन इंधनाचं नवं उपकरण बसवलं की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा. हेटास या घन इंधनाची उपकरणं बसवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेल्या माणसाने काम केलं तर इमारत विभागात वेगळा अर्ज करावा लागत नाही. कॅनडात विमा कंपन्या बहुधा वेट (WETT, लाकूड जाळणाऱ्या उपकरणांचं प्रशिक्षण देणारी संस्था) तपासणीचा अहवाल मागतात. अमेरिकेत परवाना नगरपालिकेचा, आणि उपकरण बदलताना चिमणीची दुसऱ्या पातळीची तपासणी. तीत कॅमेरा घालून आतल्या नळ्यांच्या भेगा बघतात.

सेकंडहँड इन्सर्ट स्वस्तात मिळत असेल तर आधी पाटी बघा. पाटी खरवडलेली किंवा पुस्तिका हरवलेली असेल, तर किती अंतर सोडायचं हे सांगणारा कोणीच उरत नाही आणि तपासनीसही सही करत नाही. शिवाय 150-200 किलोंची ती वस्तू परत टेम्पोत चढवायला पुन्हा चार माणसं शोधावी लागतात.